नॅचरल्स आईस्क्रीमचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पार्ल्यात वाढले आणि आईस्क्रीम हा माझा वीक पॉइंट आहे हे सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे, त्यामुळे नॅचरल्सवरून कुठेही वाद झाला की शेवटी मेसेज मला येतो. "अगं ते आधी पावभाजी विकायचे ना?", "ते कामत म्हणजे हॉटेलवाले कामत ना?" असले. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवलंय. कंपनीशी माझा संबंध पैसे देऊन डबा घेण्यापुरता. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ आला की तिकडे जाऊन वाचा, पुन्हा पुन्हा लिहिणार नाही.

१. नॅचरल्स नक्की कधी आणि कुठे सुरू झालं?

१४ फेब्रुवारी १९८४, मुंबईत जुहूला. दुकान जेमतेम दोनशे स्क्वेअर फूट, म्हणजे आजच्या एखाद्या फ्लॅटच्या हॉलएवढं, त्यातच टेबलं, त्यातच काउंटर. तारीख बघून लोक व्हॅलेंटाइन डेची काहीतरी गोड गोष्ट जोडायला जातात, पण चौऱ्याऐंशी साली आमच्या भागात व्हॅलेंटाइन वगैरे कोण करत होतं, तेव्हा ते सोडून द्या.

२. हे सुरू कोणी केलं? मराठी माणूस आहे का?

रघुनंदन श्रीनिवास कामत. मूळचे कर्नाटकातल्या मंगळुरूकडचे, सात भावंडांत धाकटे, वडील फळांचा धंदा करायचे. शाळेत फार काही जमलं नाही, चौदा-पंधराव्या वर्षी मुंबईत आले आणि भावाच्या 'गोकुळ' नावाच्या हॉटेलात कामाला लागले. तिथे इडली-डोशाच्या जोडीला आईस्क्रीमही असायचं.

म्हणजे जन्माने मराठी नाहीत, पण दुकान, धंदा, गिऱ्हाईक सगळं मुंबईचं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट एकच, की हा माणूस फळवाल्याचा मुलगा होता. फळ हातात घेतलं की ते आज खायचं आहे की परवा, वरून छान दिसतंय पण आत काय आहे, हे ज्याला लहानपणापासून कळतं तो आईस्क्रीम करायला बसला. बाकीचे आईस्क्रीमवाले दुधाच्या बाजूने किंवा हॉटेलच्या बाजूने या धंद्यात आले, हे फळाच्या बाजूने आले. पुढचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

३. आधी पावभाजीचं दुकान होतं हे खरं का?

खरं. आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट हाच सगळ्यात हुशार भाग आहे.

१९८४ साली नुसत्या आईस्क्रीमसाठी लोक दुकानात येऊन बसतील याची खात्री नव्हती. आईस्क्रीम म्हणजे लग्नात, हॉटेलात जेवणानंतर, नाहीतर हातगाडीवर. म्हणून कामतांनी मेन डिश पावभाजी ठेवली. आता जुहूची पावभाजी कशी असते ते डोळ्यासमोर आणा, तव्यावर अमूल बटरची वडी वितळतेय, भाजी लालभडक, वरून कांदा-लिंबू, आणि तिखट असं की तिसऱ्या पावाला नाकातून पाणी. अशा माणसाला समोर थंडगार सीताफळ दिसलं तर तो काय करेल? घेणारच. आणि एकदा घेतलं की पुढच्या वेळी तो पावभाजीसाठी येतोय की आईस्क्रीमसाठी हे त्याचं त्यालाच कळत नाही.

वर्षभरात चित्र स्पष्ट झालं, लोक आईस्क्रीमसाठी येत होते. १९८५ मध्ये पावभाजी बंद केली आणि दुकान फक्त आईस्क्रीमचं झालं. पहिल्या वर्षीची उलाढाल पाच लाखांच्या आसपास होती असं सांगतात. चालता तवा बंद करायला किती धीर लागतो हे ज्याने खाण्याचा धंदा केलाय त्यालाच विचारा.

४. जुन्या डब्यांवर 'जुहू स्कीम' लिहिलेलं असायचं, ही कसली स्कीम?

लॉटरीची नाही! जेव्हीपीडी, म्हणजे जुहू विलेपार्ले डेव्हलपमेंट स्कीम, त्या वस्तीचं नाव. आमच्याकडे रिक्षावाल्याला आजही "स्कीमला चल" म्हटलं की कळतं. लोक एकमेकांना "ते जुहू स्कीमचं आईस्क्रीम" असंच सांगायचे आणि तेच नावाबरोबर चिकटलं. मला हे आवडतं, कारण पुण्यात चितळे म्हटलं की कुठलं दुकान ते सांगावं लागतं, इथे मात्र पत्ताच नावात होता.

५. पहिल्या दिवसापासून एवढे फ्लेवर होते का?

छे. सुरुवातीला मोजकेच. सीताफळ, काजू-द्राक्ष, आंबा, चॉकलेट, स्ट्रॉबेरी ही त्यातली नावं. नीट बघा, चॉकलेट सोडलं तर सगळी आपल्या फळांच्या गाडीवरची आणि वाण्याच्या दुकानातली मंडळी. त्या काळात बाहेर आईस्क्रीम म्हणजे व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, पिस्ता, बटरस्कॉच, टुटीफ्रुटी, आणि त्यातली स्ट्रॉबेरी म्हणजे बहुतेक वेळा गुलाबी रंग आणि बाटलीतला इसेन्स.

शहाळं, चिकू, फणस, जांभूळ, कलिंगड, खरबूज, लिची, अंजीर वगैरे हळूहळू येत गेले.

६. सीताफळाचं एवढं कौतुक का? त्यात काय अवघड आहे?

ज्याने घरी एक किलो सीताफळं सोलून गर काढलाय तो हा प्रश्न विचारणार नाही.

एकेका फळात चाळीस-पन्नास बिया सहज निघतात, प्रत्येक बीला गर चिकटलेला, चाळणीवर घासत बसायचं, हात काळे पडतात, आणि एवढं करून किलोभर फळातून गर निम्माही निघत नाही. फळ तयार झालं की दीड-दोन दिवसात वापरावं लागतं, नाहीतर गर तपकिरी पडतो. कच्चं काढलं तर पिकत नाही, दगडासारखं राहतं. म्हणजे फळ ओळखण्यात चूक झाली की माल फुकट. इथे पुन्हा प्रश्न २ आठवा.

आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे सीताफळाचा गर तापवला की कडसर होतो. आंब्याचा रस आटवता येतो, डबाबंद करता येतो, वर्षभर वापरता येतो, सीताफळाचं तसं नाही. म्हणून मोठ्या कारखान्यांना ते नको होतं आणि म्हणूनच छोट्या दुकानदाराला त्यात जागा मिळाली. घरी करताना हाच घोळ कसा होतो ते शेवटच्या प्रश्नात लिहिलंय.

७. मग शहाळ्याचं कसं करतात? त्यात काय पाणी गोठवतात का?

नुसतं पाणी गोठवलं तर बर्फाचा गोळा होईल, आईस्क्रीम नाही. त्यात मजा आहे ती मलईची. पण मलईसुद्धा सगळी चालत नाही, फार कोवळी असेल तर ती नुसती चिकट पातळ, जून झाली की खोबरं होतं आणि गोठल्यावर दाताखाली रबरासारखी लागते. मधली, चमच्याने अलगद सुटणारी मलई पाहिजे. रोज शेकडो शहाळ्यांतून ती काढायची तर हाताने पुरत नाही आणि असल्या कामाला बाजारात तयार मशीन मिळत नाही, म्हणून कामतांनी अशा फळांसाठी स्वतः डोकं लढवून मशीनं बनवून घेतली. परदेशातून आईस्क्रीमचं मशीन आणता येतं हो, पण फणसाचे गरे सोलायचं मशीन इटलीत कोण बनवणार!

८. जांभूळ, फणस, लिची मध्येच गायब का होतात? दुकानदार लपवून ठेवतात का?

झाडावर नाही म्हणून दुकानात नाही. जांभूळ मे-जूनचं, पाऊस जोरात लागला की संपलं. लिची तर महिनाभराची पाहुणी. आंब्याचा गर नीट साठवता येतो म्हणून आंबा जास्त दिवस दिसतो, बाकीच्यांचं तसं नाही. जांभळात आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही, दूध फाटणार नाही अशा बेताने ते बसवायचं म्हणजे तारेवरची कसरत, त्यामुळे वर्षभर मिळतंय म्हणजे ताजंच असणार असं समजू नका, कुठल्याही दुकानात.

आणि हो, एकाच फ्लेवरची चव जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये वेगळी लागली तर ती तुमच्या जिभेची चूक नाही. फळच वेगळं असतं. "पूर्वीसारखी चव राहिली नाही" असं लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी हेच उत्तर देते, उरलेल्या निम्म्यांचं वय झालंय, माझ्यासारखं.

९. एवढ्या मोठ्या कंपन्या असताना एक छोटं दुकान टिकलं कसं?

कारण तेव्हा मोठ्या कंपन्यांना हात बांधूनच खेळावं लागत होतं. हे तरुण मंडळींना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर.

आईस्क्रीम बनवणं हे तेव्हा सरकारने लघुउद्योगांसाठी राखीव ठेवलं होतं. म्हणजे अवाढव्य भांडवल घालून देशभर पुरेल असा कारखाना काढायची मोकळीक कुठल्या बड्या कंपनीला नव्हती. त्यामुळे प्रत्येक भागाचं आपापलं आईस्क्रीम होतं. नागपुरात दिनशॉज, १९३२ पासून. गुजरातेत वाडीलाल, ज्यांची सुरुवात १९०७ साली अहमदाबादेत सोडा फाउंटनपासून झाली. चेन्नईत १९७० पासून अरुण. एका गावचं नाव दुसऱ्या गावात कोणाला ठाऊक नसायचं.

मग नव्वदच्या दशकात सगळं बदललं. हिंदुस्तान लिव्हर क्वालिटीच्या हातात हात घालून उतरली, १९९६ मध्ये अमूल आलं, आणि १९९७ मध्ये आईस्क्रीम राखीव यादीतून बाहेर काढलं. तोपर्यंत नॅचरल्सला तेरा वर्षं मिळाली होती. ज्या गोष्टी मोठा कारखाना करू शकतो, कप, कोन, कँडी, गावोगावचे फ्रीझर, त्यात त्यांनी स्पर्धाच केली नाही. जे मोठ्याला परवडत नाही ते केलं, रोज फळ सोलणं. (तेरा वर्षांची ही सवड नसती तर काय झालं असतं यावर आमच्या घरात दोन मतं आहेत, नवऱ्याला वाटतं काहीच फरक पडला नसता. मला वाटतं पडला असता.)

१०. फ्रँचायझी म्हणजे प्रत्येक दुकानात वेगळं आईस्क्रीम बनतं का? पार्ल्याचं चांगलं आणि ठाण्याचं वाईट असं असतं का?

नाही. बनतं एकाच ठिकाणी, कांदिवलीच्या चारकोपला, आणि तिथून थंड गाड्यांतून दुकानांत जातं. फ्रँचायझीवाला बनवत नाही, विकतो. जागा त्याची, नोकर त्याचे, वीजबिल त्याचं, माल कंपनीचा.

इथे भारतातल्या फ्रँचायझीचे दोन प्रकार लक्षात घ्या. एकात नाव आणि कृती मिळते, बनवता तुम्ही, वडापाव-चहाच्या कितीतरी साखळ्या अशाच आहेत आणि तिथे प्रत्येक दुकानाची चव वेगळी लागते. दुसऱ्यात तयार माल येतो. नॅचरल्स दुसऱ्या प्रकारातलं. फायदा म्हणजे चव सगळीकडे एक. तोटा म्हणजे वाढायचा वेग चारकोपच्या स्वयंपाकघराला बांधलेला, म्हणूनच पहिली दहा वर्षं मुंबईच्या बाहेर पाऊल टाकलं नाही आणि चाळीस वर्षांत दीडशेच्या वर दुकानं झाली, हजारात नाही.

दुकानादुकानात फरक जाणवतो तो फ्रीझरमुळे. मधेच लाईट गेली, दरवाजा उघडाच राहिला, माल वितळून पुन्हा गोठला की आत बर्फाचे कण होतात. जिभेला कचकच लागलं तर फळाला नाही, फ्रीझरला दोष द्या. घरच्या फ्रीझरचं प्रश्न १७ मध्ये.

११. मला फ्रँचायझी घ्यायची आहे, किती पैसे लागतात?

मला नका विचारू, खरंच. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मी फक्त एवढंच सांगते, कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरूनच चौकशी करा. मोठ्या ब्रँडच्या नावाने खोट्या साइट काढून "रजिस्ट्रेशन फी भरा" म्हणून लुबाडणारे खूप आहेत. माझ्या ओळखीतला एक मुलगा एका वेगळ्याच ब्रँडच्या नावाखाली असा फसला, लोगो खरा, लेटरहेड खरं वाटणारं, पैसे मात्र कोणाच्या तरी सेव्हिंग्ज अकाउंटला मागितले होते. तिथेच थांबायला हवं होतं.

१२. हे कामत म्हणजे हॉटेलवाले विठ्ठल कामत का? आणि मंगळुरूचं आयडियल?

नाही आणि नाही. कामत हे आडनाव गोव्यापासून मंगळुरूपर्यंत किनारपट्टीभर पसरलेलं आहे, आपल्याकडच्या जोशी-कुलकर्ण्यांसारखं. विठ्ठल कामतांची हॉटेलं वेगळा धंदा. मंगळुरूला १९७५ मध्ये आयडियल सुरू करणारे प्रभाकर कामत, तेही वेगळे.

पण एक नातं आहे, रक्ताचं नाही, गावचं. मंगळुरू-उडुपी पट्टा आईस्क्रीमच्या बाबतीत भलताच दर्दी. उंच ग्लासात जेली, फळं, सुकामेवा आणि दोन-तीन स्कूप घालून देतात ते 'गडबड' तिकडचंच, उडुपीच्या डायना हॉटेलचं नाव त्यासाठी घेतात. गेलात तर खाऊन या, आणि "हे काय नॅचरल्ससारखं नाही" असं तिथे मोठ्याने म्हणू नका.

१३. आमच्या गावात पण 'नॅचरल' नावाचं पार्लर आहे, तेच का हे? आणि एनआयसी?

'नॅचरल' हा साधा शब्द असल्याने ही कटकट कायमचीच. नावात तो शब्द असलेली बरीच पार्लरं आहेत ज्यांचा याच्याशी काही संबंध नाही. मुंबईच्या नॅचरल्सची कंपनी 'कामत्स अवरटाइम्स आईस्क्रीम्स', डब्यावर किंवा बिलावर ते नाव शोधा.

एनआयसी ही पुण्याच्या वॉको फूडची, वेगळी कंपनी. बऱ्याच जणांनी घरपोच ऑर्डर करताना गोंधळ केलाय, मी पण एकदा केला होता, आणि आलेलं खाऊन टाकलं, काय करणार.

१४. हे आईस्क्रीम आहे की फ्रोझन डेझर्ट? दोन्हीत फरक काय?

आईस्क्रीम. फरक फॅटचा.

आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे आईस्क्रीममध्ये दुधाचं फॅट निदान १० टक्के असायला लागतं. त्याऐवजी पूर्ण किंवा थोडं वनस्पती तेल वापरलं की त्याला आईस्क्रीम म्हणता येत नाही, डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहावं लागतं. दिसायला सारखंच, कोनही तोच, म्हणून बारीक अक्षरं वाचायची. यावरून २०१७ मध्ये चांगलंच वाजलं होतं, अमूलने आपल्या जाहिरातीत फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तूप, म्हणजे डालडासारखं, असतं असा सूर लावला, हिंदुस्तान युनिलिव्हर कोर्टात गेली आणि मुंबई हायकोर्टाने ती जाहिरात थांबवायला लावली.

फ्रोझन डेझर्ट म्हणजे विष नव्हे, तोही कायदेशीर पदार्थ आहे. फक्त पैसे दुधाचे देताय की तेलाचे हे माहीत असावं. नॅचरल्सचं म्हणणं कायम "दूध, फळ, साखर" असं राहिलंय.

१५. एवढं महाग का? आणि किलोवर का विकतात, लिटरवर का नाही?

दोन्हीचं उत्तर एकच, हवा.

आईस्क्रीम घुसळताना त्यात हवा शिरते. ती लागतेच, नाहीतर वीट होईल. पण किती भरायची हे बनवणाऱ्याच्या हातात. कायद्याने एक लिटर आईस्क्रीमचं वजन कमीत कमी ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे, म्हणजे बघा, लिटरचा डबा घेतलात तरी आत अर्धा किलोच माल असू शकतो आणि ते पूर्ण नियमात बसतं. वजनावर विकलं की हवेचे पैसे लागत नाहीत. पुढच्या वेळी वाण्याकडून लिटरचा डबा आणलात की स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा, आमच्याकडे हा खेळ झाल्यापासून मुलं प्रत्येक डबा उचलून बघतात.

बाकी फळाचा भाव, सोलायची मजुरी, वाया जाणारा माल, हे आहेच. टॅक्सचं म्हणाल तर २०२१ मध्ये सरकारने स्पष्ट केलं होतं की पार्लरमध्ये तयार आईस्क्रीम विकणं म्हणजे हॉटेल नव्हे, म्हणून ५ नाही तर १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून आईस्क्रीमवरचा जीएसटी ५ टक्के झाला.

१६. उपासाला चालतं का? अंडं असतं का? दूध न पिणाऱ्याने शहाळ्याचं घ्यावं का?

अंडं नसतं. उपासाचं म्हणाल तर मलई, आंबा, चिकू, सीताफळ असल्या साध्या फ्लेवरना आमच्या घरी तरी कोणी हरकत घेत नाही, कुठल्या फळाला तुमच्याकडे मनाई असेल तर ते तुमच्या सासूबाईंना विचारा, मी मध्ये पडणार नाही. बिस्किट, केक, चॉकलेटचं काही असेल तर ते सोडा.

शहाळ्याचं घेऊ नका! नावात नारळ आहे म्हणून दूध नसेल असं खूप जण धरून चालतात. त्यात दूध आहे. ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांनी हे लक्षात ठेवाच.

१७. डबा घरी आणला की दगड होतो, चमचा वाकतो. खराब माल दिला का?

उलट. प्रश्न १५ मधली हवा कमी, म्हणून घट्ट. घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो, दुकानात वाढायचा ट्रे त्यापेक्षा कमी गार ठेवतात, म्हणून तिथे मऊ लागतं. डबा दहा मिनिटं खालच्या कप्प्यात ठेवा, बाहेर ओट्यावर नाही. ओट्यावर कडा वितळतात आणि मधला गोळा तसाच राहतो, मग पुन्हा फ्रीझरमध्ये टाकलं की बर्फाचे खडे. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका, त्याचं मिल्कशेक करा आणि विषय संपवा.

१८. मुंबईतलं सगळ्यात जुनं आईस्क्रीम हेच का? आणि कामत गेल्यावर आता कोण बघतं?

जुनं अजिबात नाही. भेंडी बाजारातलं ताज आईस्क्रीम १८८७ पासूनचं, तिथे आजही सांचा, म्हणजे बर्फ-मिठात हाताने फिरवायचा डबा वापरतात. प्रिन्सेस स्ट्रीटची पारसी डेअरी १९१६ ची, तिची कुल्फी. चर्चगेटचं के. रुस्तम १९५३ चं, वेफरच्या दोन तुकड्यांत आईस्क्रीमची वडी. या सगळ्यांपुढे नॅचरल्स म्हणजे शेंडेफळ. फरक इतकाच, की ती मंडळी बहुतेक एका जागी राहिली आणि हे पसरलं.

रघुनंदन कामत १७ मे २०२४ रोजी मुंबईत वारले, वय सत्तर. त्या आठवड्यात माझ्या फोनवर ओळखीच्या कितीतरी लोकांनी आपापल्या आवडत्या फ्लेवरचं नाव टाकलं होतं, श्रद्धांजली म्हणून. कंपनी त्यांच्या घरातलीच माणसं चालवतात, मुलगा सिद्धांत कामत आधीपासून कामात होताच.

१९. प्रश्न ६ वाचून घरी सीताफळाचं आईस्क्रीम केलं, कडू झालं. काय चुकलं?

दोनपैकी एक. एक तर गर गरम दुधात घातलात, नाहीतर मिक्सर फिरवताना बी फुटली.

दुसरं जास्त वाईट. सीताफळाची बी विषारी असते, अख्खी गिळली गेली तर सहसा तशीच बाहेर पडते पण वाटली गेली तर नाही, त्यामुळे बियांसकट मिक्सर लावलेला असेल तर ते टाकून द्या, चाखत बसू नका. गर चाळणीवर हाताने काढायचा, किंवा वाडग्यात रवीने हलकेच फिरवायचा, बिया आपोआप मोकळ्या होतात.

पहिली चूक मी स्वतः केली आहे. आत्याकडे पॉट आईस्क्रीमचा लाकडी डबा होता, सुट्टीत आम्ही पोरं आळीपाळीने दांडा फिरवायचो, भोवती बर्फ आणि खडेमीठ, हात बधिर. एकदा मी शहाणपणा करून आटवत ठेवलेल्या दुधातच सगळा गर ओतला, छान एकजीव होईल म्हणून. दीड तास फिरवल्यावर जे निघालं ते दिसायला सुंदर आणि चवीला काढा. आत्या काही बोलली नाही, तिने चमचाभर खाल्लं, डबा उचलला आणि मोलकरणीला विचारलं की शेजारी अजून सीताफळं आहेत का.

तर दूध आटवा, साखर घाला, गॅस बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, फ्रीजमध्ये दोन तास ठेवा, आणि मग गर घाला. वरून दोन-तीन चमचे अख्ख्या पाकळ्या.